पर्सेंटाइलची पत्रिका

कॅटचा, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न फिरू लागतो: ‘९८ पडलेत, किती चान्स आहे?’ विचारणारा विद्यार्थी असो, त्याचे वडील असोत की शेजारचे काका, उत्तर एका आकड्यात हवे असते. ‘प्रेडिक्टर’ नावाची साधने ते लगेच देतातही. पर्सेंटाइल टाका, प्रवर्ग निवडा, दहावी-बारावीचे गुण भरा, बटण दाबा. कॉलेजांची नावे हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत हजर. लग्न ठरवताना पत्रिका पाहतात, तशी ही प्रवेशाची पत्रिका. गुण जुळले की पुढचा विचार करायची जबाबदारी संपली.

याच्या उलट टोकाचे मतही तितकेच लोकप्रिय आहे. ‘सगळा नशिबाचा खेळ आहे. अमक्याला ९९.५ असून मुलाखतीचा कॉल नाही आणि तमक्याचं ९६ वर झालं.’ ही दोन मते वरवर एकमेकांच्या विरोधात दिसतात, पण दोन्हींचे काम एकच. पहिले म्हणते, सगळे आधीच ठरले आहे. दुसरे म्हणते, काहीच ठरलेले नाही. दोन्हींमुळे तपासायचे राहून जाते.

माझे म्हणणे असे: प्रवेशाची शक्यता हा उमेदवाराच्या अंगचा गुण नव्हे, म्हणून ती त्याच्या एका आकड्यात मावत नाही. ती चार गोष्टींतून घडते: संस्थेचा निवडीचा नियम, उमेदवार ज्या गटात मोजला जातो तो गट, निवडीचे टप्पे, आणि शेवटी उमेदवाराच्या हातात उरलेला भाग. शिवाय अंदाज काढायचा तो निर्णयासाठी. ज्या अंदाजाने एकही निर्णय बदलत नाही, तो एक तर धीर देतो किंवा धास्ती. मार्गदर्शन करत नाही.

१. आधी नियम, मग आकडा

‘बिझनेस स्कूलला प्रवेश’ असे आपण एका दमात म्हणतो, पण त्यात निदान दोन वेगळ्या पद्धती आहेत आणि दोन्हींत ‘शक्यता’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे.

पहिली पद्धत महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीची. २०० प्रश्न, १५० मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. पुढे राज्याच्या सीईटी कक्षाची केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया, म्हणजे कॅप. या कॅपमध्ये मुलाखत नाही, गटचर्चा नाही. गुणवत्ता यादी लागते आणि यादीतल्या पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येकाला, त्याच्या पसंतीक्रमात वरून खाली जाताना, त्याच्या वाट्याची जी पहिली जागा शिल्लक असेल ती मिळते. १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झालेली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था असो की एखाद्या तालुक्याच्या गावचे खासगी कॉलेज, कॅपच्या जागांचा नियम हाच. इथे मागल्या वर्षांचे कटऑफ उघड असतात. जमनालालचा खुल्या गटाचा कटऑफ ९९.९च्या वर जातो, हे ज्याला ठाऊक आहे त्याने ९७ पर्सेंटाइलवर तिथली शक्यता विचारू नये. ती जवळजवळ शून्य आहे. इथे पत्रिका बऱ्यापैकी खरी ठरते.

पण गंमत अशी, की जिथे अंदाज अचूक असतो तिथेच तो सर्वांत चुकीच्या जागी वापरला जातो. ऑप्शन फॉर्म भरताना ‘मिळण्यासारखं वर टाक, उगाच मोठी नावं वर टाकून फुकट जातील’ हा सल्ला सर्रास दिला जातो. वर सांगितलेला नियम पुन्हा वाचला तर त्यातला दोष दिसेल. न मिळणारे कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने दुसऱ्या क्रमांकाची संधी तसूभरही कमी होत नाही. यंत्रणा पुढच्या पसंतीवर जाते, एवढेच. उलट पहिल्या पसंतीचीच जागा मिळाली तर ती आपोआप कायम होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. म्हणजे ‘मिळेलसे’ कॉलेज पहिले लिहिणारा स्वतःच्या हाताने दार लावून घेतो. इथे क्रम आवडीने लावायचा. अंदाजाचा उपयोग एकच: यादी खाली किती लांबवायची ते ठरवायला.

दुसरी पद्धत आयआयएम आणि तत्सम संस्थांची. तिथे कॅटचा पर्सेंटाइल हा पुढच्या हिशेबातला एक घटक असतो. दहावी, बारावी, पदवीचे गुण, कामाचा अनुभव, विद्याशाखेतले वैविध्य, लेखी चाचणी आणि मुलाखत यांना प्रत्येक संस्था आपापला भार देते, आणि तो दरवर्षी आपल्या प्रवेश-धोरणात जाहीर करते. ही धोरणे पानोपानी वाचायला मिळतात, फुकट मिळतात, आणि तरीही फार कमी उमेदवार ती वाचतात. प्रेडिक्टरवर घालवलेल्या वेळाच्या निम्मा वेळ या कागदावर घालवला तर अंदाज दुप्पट सुधारेल.

२. किमान पात्रता म्हणजे बोलावणे नव्हे

धोरण अर्धवट वाचण्याचा धोका वेगळा. बंगळूरच्या आयआयएमने अनेक वर्षे खुल्या गटासाठी किमान एकूण पर्सेंटाइल ८५ ठेवला होता. तो वाचून ८८वाला हुरळतो. पण तो आकडा अर्ज विचारात घेण्याचा उंबरठा आहे, मुलाखतीच्या बोलावण्याचा नव्हे. उंबरठा ओलांडलेल्यांतून भारांकित गुणांनी यादी लागते, आणि खुल्या गटातल्या बहुतेकांना प्रत्यक्ष कॉल ९९च्या आसपास किंवा वर येतो.

याच संस्थेने दहावी-बारावीचे गुण जसेच्या तसे न घेता त्या-त्या बोर्डातल्या ९०व्या पर्सेंटाइलच्या गुणांशी ताडून पाहण्याची पद्धत वापरली आहे. म्हणजे राज्य मंडळाचे ८८ आणि दुसऱ्या एखाद्या बोर्डाचे ८८ यांची किंमत सारखी राहत नाही. ‘दहावीला ८५च्या खाली असेल तर विसर’ असली सरसकट वाक्ये या बारकाव्यापुढे टिकत नाहीत.

३. अर्ध्या पर्सेंटाइलमध्ये किती माणसे?

पर्सेंटाइल हा टक्का नव्हे, क्रम आहे, हे आता बहुतेकांना कळते. पण त्या क्रमातली गर्दी डोळ्यांपुढे येत नाही. २०२४ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी दिली. तेव्हा ९९ पर्सेंटाइलच्या वर साधारण २,९०० माणसे उभी होती आणि ९८च्या वर ५,८००हून अधिक. ९९ आणि ९९.५ यांच्यातल्या त्या अर्ध्यात दीड हजाराच्या आसपास उमेदवार मावतात.

आता दुसरी बाजू पाहा. कॅटमध्ये बरोबर उत्तराला ३ गुण, आणि बहुपर्यायी प्रश्नात चुकीच्या उत्तराला उणे १. म्हणजे एकच प्रश्न बरोबर येण्याऐवजी चुकला तर ४ गुणांचा फरक पडतो, आणि तेवढ्याने शेकडो माणसे पुढे निघून जातात. परीक्षा तीन सत्रांत होते आणि सत्रांची काठिण्यपातळी वेगळी असल्याने गुण समतुल्य करून घेतले जातात. तेव्हा ९८.४ आणि ९८.९ यांत बुद्धीचा फरक शोधणे फोल आहे. क्रमाचा फरक मात्र खरा आहे आणि तो यादीत लागू पडतो. आकडा स्वतःच्या लायकीचे माप म्हणून वाचू नये, पण रांगेतली जागा म्हणून गांभीर्याने घ्यावा.

४. रांग एक नाही

त्यातही ही रांग सर्वांची मिळून एक नाही. केंद्राच्या नियमाप्रमाणे आयआयएममध्ये अनुसूचित जातींसाठी १५, जमातींसाठी ७.५, इतर मागासवर्गीयांसाठी २७ आणि आर्थिक दुर्बल घटकांसाठी १० टक्के जागा आहेत. खुल्या जागा उरतात ४०.५ टक्के. अहमदाबादच्या मुख्य अभ्यासक्रमाच्या सुमारे ४०० जागा धरल्या तर खुल्या जागा १६०च्या घरात येतात. खुल्या गटातल्या उमेदवाराने आपला हिशेब ४००वर न मांडता १६०वर मांडला पाहिजे, आणि राखीव गटातल्याने आपल्या गटाचे आकडे पाहिले पाहिजेत. सर्वसाधारण कटऑफ ऐकून घाबरून अर्जच न करणारे गुणी विद्यार्थी कमी नाहीत.

याहून कमी बोलला जाणारा गट म्हणजे सारखेपणाचा. पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी कॉलेजातून निघालेला, हिंजवडीच्या किंवा ऐरोलीच्या आयटी कंपनीत दोन वर्षे काढलेला, क्रिकेट आणि वाचन हे छंद लिहिणारा तरुण हा हजारोंच्या गटातला एक असतो. त्याच पर्सेंटाइलची सांगलीची वाणिज्य पदवीधर मुलगी किंवा नाशिकचा औषधनिर्माण पदवीधर वेगळ्या, विरळ गटात मोजला जातो. २०१३मध्ये कोझिकोडच्या आयआयएमच्या तुकडीत मुलींचे प्रमाण निम्म्याहून अधिक झाले, ते निवडीचे निकष जाणूनबुजून बदलल्यामुळे. संस्था एकेका उमेदवाराला बक्षीस वाटत नाही. ती वर्ग घडवते. हे पटो न पटो, शक्यता मोजताना ते धरावेच लागते.

परदेशी बिझनेस स्कूलच्या बाबतीत हा मुद्दा आणखी ठळक होतो. तिथे जीमॅट या प्रवेशपरीक्षेचा सरासरी आकडा जाहीर असतो आणि आपल्याकडे तो कटऑफ म्हणून वाचला जातो. सरासरी म्हणजे खालचेही बरेच जण आत आले असाच तिचा अर्थ. शिवाय २०२३च्या अखेरीस जीमॅटची नवी आवृत्ती आली, गुणांची पट्टी २०५ ते ८०५ झाली. नव्या ६४५ची बरोबरी साधारण जुन्या ७००शी लागते. तरी ‘दादाला ७२० होते, तुला ६५५च?’ असा पंचनामा घरात होतोच.

५. साखळी आणि गुणाकाराची चूक

निवड टप्प्याटप्प्याने होते: उंबरठा, कॉल, मुलाखत, प्रस्ताव, प्रतीक्षा यादी. प्रत्येक टप्प्याची शक्यता वेगळी, आणि शेवटची शक्यता त्यांचा गुणाकार. कॉल येण्याची शक्यता निम्मी आणि कॉल ‘कन्व्हर्ट’ होण्याची एक चतुर्थांश असेल, तर एकूण शक्यता साडेबारा टक्के उरते. ‘कॉल तर येईल’ या आनंदात हा दुसरा गुणक विसरला जातो.

याउलट अनेक कॉल आलेला उमेदवार दुसरी चूक करतो. समजा तीन संस्थांचे कॉल आहेत आणि प्रत्येक ठिकाणी निवडीची शक्यता २५ टक्के. तो म्हणतो, तिन्हीकडे नकार येण्याची शक्यता तीन-चतुर्थांशचा घन, म्हणजे सुमारे ४२ टक्के. तेव्हा कुठे ना कुठे होण्याची ५८ टक्के. गणित बरोबर, गृहीतक चूक. हे तीन स्वतंत्र फासे नाहीत. तिन्हीकडे तोच उमेदवार, तेच बारावीचे ६८ टक्के, तीच दीड वर्षाची गॅप, ‘एमबीए कशासाठी?’ या प्रश्नावरचे तेच गोल उत्तर. एका ठिकाणी जी उणीव आडवी येते, ती दुसऱ्या ठिकाणीही येण्याचा संभव मोठा. खरी शक्यता २५ आणि ५८च्या मध्ये कुठेतरी असते. उणीव जितकी ठळक, तितकी ती २५कडे झुकते. म्हणून एकाच प्रकारच्या दहा संस्थांना अर्ज करण्यापेक्षा वेगवेगळे निकष असलेल्या चार संस्थांना अर्ज करणे शहाणपणाचे. ज्याचे दहावी-बारावीचे गुण आडवे येतात, त्याने त्यांना कमी भार देणाऱ्या संस्था आधी शोधाव्यात.

६. अंश दिसतो, छेद दिसत नाही

मग हा भाबडेपणा टिकतो कसा? कारण आपल्यापुढे येणारी माहितीच एकांगी असते. क्लासच्या फलकावर निवड झालेल्यांचे चेहरे असतात; त्या क्लासमध्ये किती जण बसले होते, किती जणांना कॉल आले आणि किती जण मुलाखतीतून परत आले, हे कधी छापत नाहीत. एकच मुलगी एका क्लासची मॉक चाचणी, दुसऱ्याचा मुलाखत-सराव आणि तिसऱ्याचे मोफत सत्र घेते आणि तिन्ही फलकांवर झळकते. अपूर्णांकाचा अंश मोठ्या अक्षरांत आणि छेद गायब, अशी ही जाहिरात.

नात्यातली उदाहरणेही याच जातीची. ‘मावशीच्या दिराच्या मुलाला ९४वर मिळालं’ हे खरे असेलही. कोणत्या वर्षी, कोणत्या गटात, कोणत्या संस्थेत, किती अनुभवावर, हे विचारले की उदाहरण विरघळते. अपवाद लक्षात राहतो म्हणूनच तो गोष्ट बनतो. नेहमीचे घडते त्याची गोष्ट होत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

*‘एवढा हिशेब मांडला तर पोरांचा धीर खचेल.’* हा आक्षेप मायेपोटी येतो, पण खरा घात उलट बाजूने होतो. ज्याला शक्यता ८० टक्के सांगितली आणि नकार आला, तो स्वतःला नालायक ठरवतो. ज्याला आधीच कळते की दहातल्या दोघांचेच होणार आहे, तो नकार पचवतो आणि दुसरी योजना तयार ठेवतो. खोट्या आशेवर नोकरी सोडून तिसऱ्यांदा ड्रॉप घेणाऱ्याचे नुकसान खऱ्या आकड्याने झालेले नसते.

*‘शेवटी पर्सेंटाइलशिवाय पान हलत नाही.’* मान्य. पर्सेंटाइल कमी असेल तर बाकी सारे व्यर्थ. पण आवश्यक असणे आणि पुरेसे असणे यांत फरक आहे. ठरावीक उंचीनंतर पर्सेंटाइल सर्वांचाच असतो. तिथे निवड करायला तो उपयोगी पडत नाही, म्हणूनच तर संस्था मुलाखत घेतात.

*‘मुलाखत म्हणजे समोरच्याची मर्जी. तिचा अंदाज कसा बांधणार?’* अनिश्चितता आहेच, पण मुलाखतीत काय कोसळते हे बरेचसे ठाऊक असते. यंत्र अभियांत्रिकीच्या पदवीधराला उष्मागतिकीचा दुसरा नियम विचारतात आणि तो ‘सर, आता आयटीत आहे’ म्हणतो. बँकेत तीन वर्षे काढलेल्याला रेपो दर सांगता येत नाही. कोल्हापूरच्या उमेदवाराला तिथल्या फाउंड्री उद्योगाबद्दल विचारले तर तो गुळाकडे वळतो. या अपघातांत मर्जीचा भाग थोडा आणि तयारीचा मोठा असतो. मागचे गुण बदलता येत नाहीत. हातात उरलेला भाग हाच, आणि प्रेडिक्टरमध्ये त्याचा रकानाच नसतो.

*‘लातूर-चंद्रपूरच्या मुलाला सल्लागार कुठून मिळणार? त्याला प्रेडिक्टरच बरा.’* हा आक्षेप सर्वांत वजनदार. साधन वाईट नाही. त्यावर थांबणे वाईट. ज्याच्या घरात आधी कुणी एमबीए केलेले नाही, त्याला तर लाल रंगात दिसलेले नाव कायमचे बंद वाटते. त्याच्यासाठी संस्थेचे धोरण आणि मागल्या वर्षीचे गटवार कटऑफ हेच सर्वांत स्वस्त सल्लागार आहेत. ते मराठीत, सोप्या शब्दांत पोचवणे हे विद्यापीठांच्या मार्गदर्शन केंद्रांचे काम आहे, आणि ते होत नाही ही तक्रार रास्तच.

मग हिशेब मांडायचा कसा?

एक कल्पित उमेदवार घेऊ. खुला गट, अभियंता, दोन वर्षे अनुभव, दहावी ९०, बारावी ७१, कॅट ९८.६. त्याने चार गोष्टी कराव्यात.

पहिली, संस्थांचे तीन गट पाडावेत: जिथे बारावीला मोठा भार आहे, जिथे कमी आहे, आणि जिथे मुलाखतच नाही. पहिल्या गटावर पैसा आणि आशा कमी लावावी.

दुसरी, प्रत्येक संस्थेसाठी कॉलची आणि निवडीची शक्यता वेगवेगळी लिहावी, आणि तीही एका आकड्यात न लिहिता मर्यादेत: ‘दहात एक ते तीन’ अशी. ज्याला मर्यादा लिहिता येत नाही, त्याच्याकडे माहिती नाही.

तिसरी, ‘झाले नाही तर’चा रकाना आधी भरावा. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा, की राज्याच्या कॅपमधली हाती आलेली जागा, की नोकरीत बढती? शक्यता कमी असूनही प्रयत्न करणे योग्य ठरू शकते, जर न झाल्याची किंमत परवडणारी असेल. २,५०० रुपयांचा अर्ज २० टक्के शक्यतेवर भरणे शहाणपणाचे. त्याच शक्यतेवर नोकरी सोडणे नव्हे.

चौथी, कोणता घटक अजून हलू शकतो ते ठरवून उरलेला वेळ तिथेच घालावा. जानेवारीत पर्सेंटाइल हलत नाही, मुलाखत हलते.

हे चार रकाने भरले की ‘किती चान्स आहे?’ हा प्रश्न उरत नाही. त्याच्या जागी ‘या शक्यतेवर मी काय पणाला लावायला तयार आहे?’ हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर कोणतेही साधन देऊ शकत नाही.

क्लासचालकांनी फलकावर निवड झालेल्यांच्या शेजारी एकूण विद्यार्थ्यांची संख्या छापावी. संस्थांनी गटवार अर्ज, कॉल आणि निवड यांचे आकडे एका तक्त्यात द्यावेत. आणि पालकांनो, पुढचा फलक पाहाल तेव्हा चेहरे मोजण्याआधी एवढेच विचारा: किती जणांपैकी?